शेजारच्या लॉनवरची फवारणी: महापालिका काय करू शकते आणि काय नाही

प्रश्नकर्ते पश्चिम उपनगरातील एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहेत. त्यांच्या संस्थेला लागून एक जुना बंगला आहे. त्याच्या मोठ्या लॉनवर वर्षातून अनेकदा पाठीवरच्या पंपाने फवारणी होते, उग्र वास खालच्या मजल्यांवरील घरांत शिरतो, आणि कुंपणाच्या अलीकडेच संस्थेतील मुलांची खेळायची जागा आहे. महापालिकेच्या विभाग कार्यालयात विचारणा केली असता हा विषय आमच्याकडे येत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. कॅनडातील नगरपालिकांनी खासगी हिरवळीवरील फवारणीला आळा घातल्याचे त्यांच्या वाचनात आले आहे. मुंबईत तसे का होत नाही, होऊ शकते का, आणि तोवर संस्थेने काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी मुंबईत अनेक वर्षे हिरवळ आणि शोभेच्या झाडांच्या पीकसंरक्षणाचे काम करतो, व्यावसायिक कीडनियंत्रणाचा परवाना बाळगतो आणि गृहनिर्माण संस्थांना सल्ला देतो. त्यामुळे पुढच्या विवेचनातील काही भाग माझ्याच व्यवसायाला अडचणीचा आहे, हे आधी सांगून ठेवतो. माझे मत असे की, कोणते रसायन बाजारात असावे हे ठरवणे महापालिकेच्या हातात नाही आणि नसावेही. परंतु दाट वस्तीत ते कोणी, कधी, कोणाला कळवून आणि कुंपणापासून किती अंतर सोडून फवारावे, हे ठरवण्याची जागा आपल्या कायद्याने मोकळी सोडलेली आहे आणि ती महापालिकेने भरायला हवी. सरसकट बंदीची मागणी केल्यास मात्र हे काम सुटण्याऐवजी न्यायालयात अडकण्याचीच शक्यता अधिक आहे.

आपल्याकडील मूळ कायदा म्हणजे कीटकनाशके अधिनियम, १९६८. या कायद्याची पार्श्वभूमी लक्षात घेतली की त्याच्या मर्यादाही समजतात. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडून दूषित झालेले अन्नधान्य खाल्ल्याने शंभरहून अधिक माणसे दगावली, आणि त्या दुर्घटनेनंतर सुरू झालेल्या विचारातून पुढे हा कायदा आला. साहजिकच त्याचे लक्ष कारखाना, गोदाम, वाहतूक आणि दुकान यांवर आहे. उत्पादनाची नोंदणी केंद्रीय नोंदणी समितीकडे, विक्रीचा परवाना राज्याच्या कृषी विभागाकडे, वेष्टनावरील मजकूर नियमांनुसार, अशी ही रचना आहे. बाटली एकदा ग्राहकाच्या हाती गेली की तिचे पुढे काय होते, याविषयी हा कायदा फारसे बोलत नाही.

फारसे बोलत नाही म्हणण्यापेक्षा, एका ठिकाणी तो स्पष्टपणे मागे सरतो असे म्हणायला हवे. कलम ३८ नुसार, एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या लागवडीखालील जमिनीसाठी केलेल्या कीटकनाशकाच्या वापराला हा अधिनियम लागूच होत नाही. शेतकऱ्याला प्रत्येक फवारणीसाठी परवाना मागायला लावू नये, हा या सवलतीचा हेतू रास्त होता. परंतु कोरडवाहू शेतात एकट्याने फवारणारा शेतकरी आणि दोन इमारतींच्या बेचक्यातील लॉनवर क्लोरपायरीफॉससारखे कीटकनाशक ओतणारा बंगलेवाला, हे दोघेही त्या सवलतीत सारखेच सामावले जातात. विभाग कार्यालयाने आपल्याला दिलेले उत्तर कोरडे असले तरी कायद्याच्या दृष्टीने अगदीच निराधार नाही, ते याच कारणामुळे.

मात्र येथे एक बारीक मुद्दा आहे, आणि व्यवहारात तोच सर्वांत उपयोगी पडतो. फवारणी कोण करतो, यावर बरेच काही अवलंबून आहे. बंगल्याच्या मालकाने स्वतः किंवा त्याच्या पगारी माळ्याने पंप उचलला, तर तो खासगी वापर ठरेल. परंतु पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागेत फवारणी करणे हे व्यावसायिक कीडनियंत्रण होय, आणि नियमांतील व्याख्येत खासगी आवारांचा व जमिनीचाही समावेश आहे. अशा कामाला कलम १३ खालील परवाना लागतो आणि तो मिळवण्यासाठी ठरावीक शैक्षणिक पात्रता व मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण लागते. मुंबईत प्रत्यक्षात काय दिसते? झुरळे आणि वाळवीसाठी येणाऱ्या कंपनीकडे परवाना असतो. पण लॉनची देखभाल ज्याच्याकडे महिन्याच्या ठेक्याने दिलेली असते, त्या माळीकाम करणाऱ्या ठेकेदाराकडे तो बहुधा नसतो. तो गवत कापतो, खत टाकतो, आणि त्याच ओघात औषधही मारतो. औषधाचे पैसे बिलात वेगळे दाखवलेले नसतात, म्हणून ते व्यावसायिक काम ठरत नाही, असा त्याचा भाबडा समज असतो. आपल्या शेजारच्या बंगल्यावर येणारा माणूस या प्रकारातला आहे का, याची पहिल्यांदा खात्री करावी.

तणनाशकांपैकी ग्लायफोसेटच्या बाबतीत तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर केवळ कीडनियंत्रण चालकांमार्फतच करता येईल असे बंधन घातले आहे. फरशीच्या फटींतील गवत मारण्यासाठी हे द्रव्य शहरात सर्रास वापरले जाते आणि बहुतेक सोसायट्यांना या बंधनाची गंधवार्ताही नसते.

लॉनवर काय फवारले जाते, हेही समजून घ्यायला हवे. मुंबईच्या लॉनचे मुख्य शत्रू मोजकेच आहेत: मुळे कुरतडणारी हुमणी, वाळवी, पावसाळ्यात गोल डाग पाडणारी बुरशी, आणि कितीही उपटला तरी परत येणारा लव्हाळा. हुमणी व वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड, वरच्या किडींसाठी सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड, बुरशीसाठी मॅन्कोझेब किंवा कार्बेन्डाझिम, अशी साधारण यादी असते. ही बहुतेक शेतीसाठीची उत्पादने आहेत. आपल्याकडे नोंदणी होते ती विशिष्ट पीक आणि विशिष्ट कीड यांच्यासाठी, आणि वेष्टनावर कापूस, भात, ऊस यांची नावे असतात. लॉनचे नाव त्यांत क्वचितच आढळते. म्हणजे किती मात्रा घ्यावी, किती दिवस त्या गवतावर पाऊल टाकू नये, अनवाणी मुलांचे काय, याचे उत्तर त्या लेबलवर नसतेच, कारण तो वापर गृहीतच धरलेला नव्हता. उसाच्या फडात कोणी दुपारी चटई टाकून बसत नाही.

बाटली हातात मिळाली तर तिच्यावरील तिरका चौकोन पाहावा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील त्रिकोणाचा रंग तीव्र विषारीपणा दाखवतो: लाल सर्वाधिक, मग पिवळा, निळा आणि हिरवा. क्लोरपायरीफॉस आणि सायपरमेथ्रिनची नेहमीची द्रावणे पिवळ्यात मोडतात. परंतु हा रंग मुख्यतः पोटात किंवा त्वचेवाटे गेल्यास एकदम होणाऱ्या विषबाधेचा निदर्शक आहे. दीर्घकाळ थोडे थोडे श्वासावाटे गेल्याचा किंवा माशांवर होणाऱ्या परिणामाचा नाही. पायरेथ्रॉइड माणसांना तुलनेने सौम्य मानली जातात, पण माशांना ती अत्यंत घातक असतात. क्लोरपायरीफॉसचा समावेश तर २०२५ मध्ये दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या निर्मूलन यादीत, काही सवलती ठेवून, झाला आहे. त्यामुळे त्रिकोण हिरवा आहे म्हणून निर्धास्त राहणे, किंवा पिवळा आहे म्हणून हाहाकार माजवणे, दोन्ही टाळावे.

आता कॅनडाविषयी. माँट्रियलजवळील हडसन या छोट्या गावाच्या परिषदेने १९९१ मध्ये एक उपविधी, म्हणजे स्थानिक नियम, केला. त्याने कोणत्याही रसायनावर बंदी घातली नाही. निव्वळ शोभेसाठी केल्या जाणाऱ्या वापरावर बंदी घातली, आणि शेती, पोहण्याचे तलाव, इमारतींच्या आतील वापर, माणसांना धोकादायक असलेल्या प्राण्यांचा बंदोबस्त अशा कारणांना अपवाद दिले. त्यामागे गावातील त्वचारोगतज्ज्ञ जून अर्विन यांनी वर्षानुवर्षे परिषदेच्या सभांमध्ये लावून धरलेला आग्रह होता. हिरवळीची निगा राखणाऱ्या दोन कंपन्यांनी या उपविधीला आव्हान दिले आणि प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २८ जून २००१ रोजी न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. त्यातील युक्तिवाद आपल्यासाठी महत्त्वाचा आहे: उत्पादनाला मान्यता देणे हे केंद्राचे काम, विक्रेते व फवारणी करणारे यांना परवाने देणे प्रांताचे, आणि गावच्या हद्दीत ते कुठे व कशासाठी वापरावे याचे नियमन गावाचे, तिन्ही कायदे एकाच वेळी पाळणे शक्य असल्याने त्यांच्यात विरोध नाही. याच निकालात सावधगिरीच्या तत्त्वाचा (गंभीर हानीची शक्यता असेल तर पूर्ण पुराव्याची वाट न पाहता खबरदारी घ्यावी) ऊहापोह करताना त्या न्यायालयाने आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध नायडू या १९९९ च्या निकालाचा दाखला दिला आहे. म्हणजे हडसनच्या लॉनचा निवाडा होताना भारतीय न्यायशास्त्राचा आधार घेतला गेला, आणि भारतात मात्र लॉनचा विषय कोणी न्यायालयात नेलेला माझ्या पाहण्यात नाही. पुढे टोरंटोने २००३ मध्ये असाच उपविधी केला, क्वेबेक प्रांताने त्याच वर्षी आपली संहिता आणली आणि ओंटारिओने २००९ पासून प्रांतभर शोभेच्या वापरावर बंदी लागू केली.

हे उदाहरण देताना दुसरी बाजू लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९१ मध्येच, विस्कॉन्सिनमधील केसी या खेड्याच्या प्रकरणात, केंद्रीय कायदा स्थानिक नियमनाच्या आड येत नाही असे म्हटले. पण त्यानंतर उद्योगांच्या पुढाकाराने बहुसंख्य राज्यांनी स्वतःच कायदे करून स्थानिक संस्थांचे हात बांधून टाकले. मेरीलँडसारख्या ज्या राज्यांत तसे झाले नाही, तिथे टाकोमा पार्क शहराने २०१३ मध्ये आणि माँटगोमेरी काउंटीने (तिकडचा जिल्हा) २०१५ मध्ये खासगी हिरवळीपर्यंत पोहोचणारे नियम केले आणि काउंटीचा नियम न्यायालयात टिकला. फ्रान्समध्ये नेमके उलटे घडले. ब्रिटनी प्रांतातील लांगुए गावाच्या महापौरांनी २०१९ मध्ये घरांपासून १५० मीटरच्या आत कीडनाशके फवारण्यास मनाई करणारा आदेश काढला, तो प्रशासकीय न्यायालयाने रद्द केला, आणि हा विषय केंद्रीय यंत्रणेकडे सोपवलेला असल्याने महापौरांना त्यात अधिकार नाही, असे तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२० च्या अखेरीस स्पष्ट केले. गंमत अशी की त्याच फ्रान्समध्ये घरगुती बागांतील रासायनिक कीडनाशकांवर १ जानेवारी २०१९ पासून राष्ट्रीय कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे नियम कडक असूनही गावाला अधिकार नाही, आणि कॅनडात केंद्राने परवानगी दिलेली असूनही गावाला अधिकार आहे. हे सारे त्या त्या देशाने स्थानिक संस्थेला किती जागा ठेवली आहे, यावर ठरते.

मुंबईत ती किती आहे? संविधानाच्या सातव्या अनुसूचीत औषधे आणि विषे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, आहेत; सार्वजनिक आरोग्य, स्थानिक शासन आणि किडींपासून शेतीचे संरक्षण राज्य सूचीत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरणाचे रक्षण हे विषय नगरपालिकांकडे सोपवण्याजोगे म्हणून नमूद आहेत. परंतु सोपवण्याजोगे आणि सोपवलेले यांत अंतर आहे. ते राज्याच्या कायद्याने भरावे लागते. आपल्याकडील तो कायदा म्हणजे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. उपविधी करण्याचा अधिकार देणाऱ्या त्याच्या कलम ४६१ मध्ये कीडनाशकाच्या फवारणीचा नावाने उल्लेख नाही, आणि एकोणिसाव्या शतकातील कायद्यात तो असण्याचे कारणही नव्हते. त्यामुळे आरोग्य आणि उपद्रव यांविषयीच्या सर्वसाधारण अधिकारांवर विसंबून उपविधी करावा लागेल आणि त्याला राज्य शासनाची मंजुरी घ्यावी लागेल.

असा उपविधी केंद्रीय कायद्याशी विसंगत ठरेल का, यावर वकिलांमध्ये दोन मते असू शकतात. एक म्हणेल की संसदेने या विषयाचे सारे क्षेत्र व्यापले आहे आणि घरगुती वापर मुद्दाम मोकळा ठेवला आहे, तो महापालिकेने बांधू नये. दुसरा म्हणेल की कलम ३८ मध्ये "या अधिनियमातील काहीही लागू होणार नाही" इतकेच आहे. घरगुती वापर सर्व कायद्यांपासून मुक्त आहे असे तेथे म्हटलेले नाही. मला दुसरा युक्तिवाद पटतो, पण एका अटीवर: उपविधीने रसायनाला हात न लावता फवारणीच्या कृतीला हात लावला पाहिजे. नोंदणीकृत उत्पादनावर महापालिकेने बंदी घातली तर ती पहिल्याच सुनावणीत अडचणीत येईल. रसायनाच्या वापरावर बंदीचा अधिकार कलम २७ खाली केंद्राला व राज्याला आहे, आणि तोही मुळात ६० दिवसांपुरता. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावल्यानंतर आपल्या राज्य शासनाने विदर्भातील काही जिल्ह्यांत काही कीटकनाशकांवर घातलेली बंदी याच स्वरूपाची होती. जिथे माणसे मेली तिथे राज्याला मिळतात दोन महिने. मग महापालिकेच्या कायमच्या बंदीचा विचार सोडून देणेच शहाणपणाचे.

खासगी आवारात महापालिकेने कसे शिरावे, असा आक्षेप या चर्चेत हमखास येतो. तो मला पटत नाही, कारण मुंबईत महापालिका खासगी आवारात शिरतेच. डासांच्या उत्पत्तीबाबत महापालिका अधिनियमाच्या कलम ३८१ खाली नोटिसा निघतात, कीटकनाशक खात्याचे कर्मचारी गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे तपासतात, बाल्कनीतील कुंडीखालची बशी उलटी करून आत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या आहेत का ते पाहतात, आणि अळ्या सापडल्या तर न्यायालयीन कारवाईपर्यंत प्रकरण जाते. मलेरिया आणि डेंग्यूच्या शहरात हे योग्यच आहे. झाडांच्या बाबतीतही तसेच: महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्षसंरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते, त्यामुळे आपल्याच अंगणातील झाडाच्या बुंध्यात रसायन ओतणारा माणूस खासगी मालकीचे कारण पुढे करून सुटत नाही. बशीतील पाण्याची चौकशी करणाऱ्या यंत्रणेला शेजारच्या पंपात काय भरले आहे हे विचारण्याचा अधिकार नसावा, ही विसंगती आहे आणि ती दूर करण्याजोगी आहे.

अशा उपविधीत मला काय हवे आहे ते सांगतो. मोकळ्या जागेत कीडनाशक फवारण्यापूर्वी ४८ तास आधी प्रवेशद्वारावर आणि लगतच्या आवारांना सूचना. सूचनेत उत्पादनाचे नाव, सक्रिय घटक, फवारणीची वेळ, आणि पैसे घेऊन काम होत असेल तर परवाना क्रमांक. शाळा, खेळण्याची जागा, विहीर, कूपनलिका व पाणी मुरवण्याचे खड्डे यांपासून ठरावीक अंतर. वाऱ्याच्या किंवा मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी फवारणीला मनाई. आणि वर्षभराची नोंदवही. डासनिर्मूलन, उंदीर आणि इमारतीच्या आतील वाळवी यांना सूचनेच्या मुदतीतून सूट द्यावीच लागेल, नाहीतर महापालिकेचेच धुरीकरण उपविधीत अडकेल. दंडाची रक्कम मोठी असण्यापेक्षा सूचना न देणे हाच स्वतंत्र अपराध असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण तो सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. फवारणी झाली की काही तासांत हवेतील पुरावा निघून जातो. फलक होता की नव्हता, हे मात्र फोनमधील छायाचित्रातही दिसते.

पाणी मुरवण्याच्या खड्ड्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण मुंबईत धोक्याचा हा मार्ग वासाइतका जाणवत नाही. २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले. अनेक आवारांत छपराचे पाणी आणि मोकळ्या जागेतून वाहणारे पाणी एकाच खड्ड्यात सोडलेले असते, आणि तो खड्डा कूपनलिकेला लागून असतो. पोडियमवरील, म्हणजे वाहनतळाच्या छतावर केलेल्या, लॉनची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. तिथे मातीचा थर जेमतेम फूट-दीड फुटाचा, त्याखाली जाळी, मग वॉटरप्रूफिंग, आणि पाणी उतरवणारे पाइप. हुमणीसाठी मुळांपर्यंत भिजेल असे औषध ओतले आणि रात्री जूनमधील सर आली, तर ते औषध जमिनीत मुरायला जमीनच नसते. ते पाइपातून थेट टाकीत किंवा पर्जन्यवाहिनीत उतरते. आपली पर्जन्यवाहिनी मलनिःसारण केंद्राकडे जात नाही, ती खाडीला आणि समुद्राला मिळते. विषारी द्रव्य जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर जाऊ देण्यास १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २४ मनाई करते. तेव्हा रिकामा पंप वाहनतळावरील गटारात धुणाऱ्या माणसाला हटकण्यासाठी नव्या उपविधीची वाट पाहण्याची गरज नाही. कीटकनाशके अधिनियमाखालील १९७१ च्या नियमांतील नियम ४४ रिकामी वेष्टने व धुवण सुरक्षितपणे निकालात काढायला सांगतो आणि वेष्टने मोडून वस्तीपासून दूर पुरावीत असे सुचवतो. मुंबईत वस्तीपासून दूर म्हणजे नेमके कुठे, हे नियम करणाऱ्यांनी सांगितलेले नाही. व्यवहारात ठेकेदाराने वेष्टने परत न्यावीत, अशी अट करारातच घालावी.

आता आपल्यापुढील प्रत्यक्ष प्रश्न. बंगल्याच्या मालकांना आधी साधे, आदरयुक्त पत्र द्यावे. त्यात तक्रारीचा सूर न ठेवता तीन गोष्टी मागाव्यात: फवारणीची आगाऊ तारीख, उत्पादनाचे नाव, आणि ती सकाळी लवकर करण्याची विनंती. मुंबईत दुपारनंतर समुद्राकडून वारा जोर धरतो, त्यामुळे सकाळच्या शांत हवेत, पंपाची तोटी जमिनीलगत ठेवून केलेल्या फवारणीचे तुषार कुंपण ओलांडण्याचे प्रमाण बरेच कमी होते. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तंटे या टप्प्यावरच मिटतात, कारण मालकाला माळी काय मारतो हे मुळात ठाऊकच नसते.

पत्राला दाद मिळाली नाही, तर फवारणी करणारा बाहेरचा माणूस आहे का हे पाहून परवान्याविषयी राज्याच्या कृषी विभागाकडे लेखी तक्रार करावी. कीटकनाशक निरीक्षक हे अधिनियमाखालील पद त्याच विभागात असते. त्यांचे लक्ष खरीप हंगामातील कृषी सेवा केंद्रांवर अधिक आणि मुंबईच्या लॉनवर कमी असते, हे खरे; म्हणूनच तक्रारीत तारीख, वेळ, छायाचित्र आणि शक्य असल्यास लेबलचा फोटो द्यावा, मोघम लिहू नये. कोणाला मळमळ, डोळ्यांत आग, धाप असे त्रास झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे नोंद करून घ्यावी आणि डॉक्टरांना उत्पादनाचे नाव सांगावे, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट (क्लोरपायरीफॉसचा गट) आणि पायरेथ्रॉइड यांच्या विषबाधेवरील उपचार वेगळे असतात. विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणा करून इतरांना इजा होण्याजोगी स्थिती निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८६ खाली अपराध असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वारंवार होणाऱ्या उपद्रवासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. शेजाऱ्यावर फौजदारी करणे हा शेवटचा उपाय आहे आणि तो शेवटीच ठेवावा.

एक प्रश्न उलटा विचारतो, राग मानू नये. आपल्या संस्थेच्या स्वतःच्या हिरवळीवर काय फवारले जाते, हे व्यवस्थापक समितीला माहीत आहे का? शेजाऱ्याकडे नोंदवही मागण्याआधी ती आपल्याकडे असलेली बरी. संस्थेने सर्वसाधारण सभेत ठराव करून आपल्या ठेक्यात अटी घालणे, हे मुंबईत आजच्या घडीला उपलब्ध असलेले सर्वांत जलद नियमन आहे. त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही, आणि लगतच्या चार-सहा आवारांनी एकसारखा ठराव केला की एकट्या बंगल्यालाही त्यापासून अलिप्त राहणे अवघड जाते.

फवारणी घटवण्यास वावही मोठा आहे. लॉन पिवळी पडली की कीड असेलच असे नाही. मुंबईत बऱ्याच ठिकाणी खरे कारण नव्या टॉवरची सावली हे असते, आणि सावलीवर औषध नाही. अशा पट्ट्यात सावली सोसणारे गवत किंवा जमिनीलगत पसरणारी इतर झाडे लावावीत. बुरशी बहुधा पाणी साचल्याने, गवत फार खुरटे कापल्याने आणि संध्याकाळी पाणी दिल्याने वाढते. हुमणीची खात्री करायची तर पिवळ्या डागाच्या कडेला गवत ओढून पाहावे: मुळे खाल्लेली असतील तर ते सतरंजीसारखे हातात उचलून येते आणि खाली इंग्रजी सी अक्षराच्या आकारात वळलेली पांढरी अळी दिसते. ती दिसली नाही तर कीटकनाशक मारण्याचे कारण नाही. दिसली तरी तिचा बंदोबस्त अळीपेक्षा भुंगेऱ्याच्या अवस्थेत सोपा असतो. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बोर, बाभूळ अशा झाडांवर गोळा होतात. तेव्हा प्रकाश सापळा लावून किंवा फांद्या हलवून ते वेचावेत आणि मातीत हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळावी. लव्हाळ्याला मात्र सोपा उपाय नाही. गाठींसकट खणून काढणे आणि थोडाफार लव्हाळा सहन करणे, हेच मी सांगतो.

हे सारे पहिल्या पावसाशी बांधलेले असल्याने ठरावाची वेळ महत्त्वाची आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते, तोवर हुमणीचा हंगाम आणि त्याबरोबरची फवारणी उरकलेली असते. म्हणून विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस एप्रिलमध्ये काढावी, मे महिन्यात ठराव करून माळीकामाच्या ठेक्यात परवाना, ४८ तासांची सूचना, नोंदवही आणि वेष्टने परत नेण्याच्या अटी घालाव्यात, आणि त्या ठरावाची प्रत शेजारच्या बंगल्याला दिलेल्या पत्रासोबत जोडावी.